वर्गातले वागणे आणि घरचे वळण

शाळेच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या रकान्यांशेजारी शेऱ्याचा एक रकाना असतो. गुण कमीअधिक कितीही असोत, पालकाच्या मनात घर करून राहतो तो शेरा. 'वर्गात लक्ष नसते', 'उद्धट आहे', 'बोलत नाही', 'फार बोलतो', 'चंचल आहे'. दोन-तीन शब्दांचा हा मजकूर. पण त्याच्या आधाराने आई मुलाला मारते, बाप त्याची शाळा सोडवण्याच्या गोष्टी बोलू लागतो, आणि पुढच्या इयत्तेचे गुरुजी मुलाचे तोंड पाहण्याआधीच त्याच्याविषयी मत करून बसतात. या दोन-तीन शब्दांत सत्य किती असते, आणि ते सत्य नेमके कोणाविषयीचे असते, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने शाळेच्या वर्गाविषयी बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण आठवीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. सोलापुरातील विडी वळणाऱ्या स्त्रिया आणि यंत्रमागावरचे कामगार यांच्यात आमचे दिवस गेले. शिक्षणशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु 'वर्तणूक' हा शब्द आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे, कारण त्या शब्दावर माणसांच्या नोकऱ्या जाताना आम्ही पाहिल्या आहेत.

कामगारावर गैरवर्तणुकीचा ठपका आला की आम्ही प्रथम तीन गोष्टी विचारतो. प्रत्यक्ष घडले काय? कोणता नियम मोडला? आणि तो नियम या माणसाला कधी कोणी सांगितला होता काय? 'हा कामगार उर्मट आहे' हे आरोपपत्र होऊ शकत नाही. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक काम सांगितले असता त्याने नकार दिला, असे लिहावे लागते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने एवढे तरी कामगाराच्या पदरात टाकले, की आरोप लेखी द्यावा आणि खुलाशाची संधी द्यावी. सहा वर्षांच्या मुलाला हे संरक्षण नाही. शेरा हेच त्याचे आरोपपत्र. त्यात घटना नाही, नियम नाही, खुलासा नाही. एकदम निकालच आहे.

आमच्या तीन प्रश्नांतला तिसरा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा. शाळेचे पुष्कळसे नियम फळ्यावर लिहिलेले नसतात. कोणी केव्हा बोलावे, बोलताना कोठे पाहावे, उत्तर येत असेल तर हात वर करावा की विचारेपर्यंत थांबावे, शेजाऱ्याला सांगावे की सांगू नये, हे सारे शाळा गृहीत धरते. ज्या घरातून शिक्षक येतात तशाच घरातून येणाऱ्या मुलाला हे नियम पाळण्यात सांगावेच लागत नाहीत. तो ते घरूनच घेऊन येतो. वेगळ्या घरातून येणारे मूलही नियम घेऊनच येते, पण ते नियम निराळे असतात. ते मूल आपला नियम इमानाने पाळते, आणि शाळेच्या हिशेबी बेशिस्त ठरते.

घरातलाच दाखला घ्या. वडील माणूस रागे भरू लागले की मुलाने मान खाली घालावी, हे आपल्याकडचे वळण. 'वर डोळे करून बघतोस?' हा आपल्या घरांत एक स्वतंत्र अपराध आहे, कधीकधी मूळ अपराधाहून मोठा. इंग्लंड-अमेरिकेतील शाळांत मात्र बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहणे हे सरळपणाचे लक्षण मानतात; मान खाली घातली की मूल काही लपवते आहे किंवा ऐकतच नाही, असा समज होतो. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबातले मूल तेथे गुरुजींसमोर मान खाली घालून उभे राहिले, तर ते आज्ञाधारक की लबाड? मूल एकच, मानही तीच. निकाल बदलला तो पाहणाऱ्यामुळे.

ही गोष्ट काही अभ्यासकांनी वर्षानुवर्षे घरांत आणि वर्गांत बसून तपासली आहे. असे काम अमेरिकेत विशेष झाले, म्हणून तेथले दाखले प्रथम देतो आणि मग आपल्या घराकडे वळतो.

शर्ली ब्राइस हीथ या बाईंचे 'वेज विथ वर्ड्स' हे पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. आम्हाला ते जवळचे वाटले, कारण ते गिरणी कामगारांच्या मुलांविषयी आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात कॅरोलायना नावाची दोन राज्ये आहेत. तेथील डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात कापडगिरण्या होत्या. त्या भागातल्या दोन कामगारवस्त्यांत, एक कृष्णवर्णीयांची आणि एक गोऱ्यांची, हीथबाईंनी १९६९ ते १९७८ अशी सुमारे दहा वर्षे जाऊन-येऊन अभ्यास केला. वस्त्यांची खरी नावे झाकून त्यांनी पहिलीला ट्रॅक्टन आणि दुसरीला रोडव्हिल म्हटले आहे. दोन्ही वस्त्यांतले लोक गिरणीवर पोट भरणारे. दोन्हीकडच्या आईबापांना मुलांनी शाळेत नाव काढावे असे मनापासून वाटे. तरी दोन्हीकडची मुले शाळेत अडखळत, आणि ती निरनिराळ्या जागी अडखळत.

ट्रॅक्टनमध्ये मोठी माणसे मुलांना ज्या गोष्टीचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे ती विचारीत नसत. 'हा रंग कोणता?' असे डोळ्यांसमोरच्या वस्तूविषयी विचारणे तेथे निरर्थक होते. दिसते आहे ते काय विचारायचे? प्रश्न यायचा तो खऱ्या माहितीचा, नाही तर 'हे कशासारखे आहे?' असा तुलनेचा. शाळेत गेल्यावर बाई चित्रावर बोट ठेवून 'हे काय आहे?' असे विचारू लागल्या. मुले गप्प राहिली. बाईंनी निष्कर्ष काढला की या मुलांना साधे साधेही येत नाही. तुलना करणे, एका वस्तूत दुसरीचे साम्य पाहणे, हे अवघड काम ज्या मुलांच्या अंगवळणी पडलेले होते, त्यांच्या वाट्याला मंद हा शिक्का आला.

आज्ञांचेही तसेच. त्या शाळांतल्या बाई शिष्टाचाराने आज्ञा प्रश्नरूपात देत: 'कात्रीची जागा हीच का?' मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला कळे की कात्री उचलून जागेवर ठेवायची आहे. ट्रॅक्टनच्या मुलाला घरी सरळ 'ते उचल' असे ऐकण्याची सवय. त्याला हा खरोखरच प्रश्न वाटे, आणि तो कात्री तेथेच ठेवून निघून जाई. नोंद झाली, 'सांगितलेले ऐकत नाही'. वस्तुतः त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

गोऱ्या कामगारांच्या रोडव्हिलमधली मुले पहिल्या एक-दोन इयत्तांत चांगली चालत. तेथल्या आया मुलांना अक्षरे, रंग, आकडे घरीच घोटवून घेत. परंतु गोष्ट सांगायची ती घडलेली, जशीच्या तशी, असे तेथील धर्मशील घरांचे वळण. पदरचे घालणे म्हणजे खोटे बोलणे. पुढे शाळेने 'कल्पना करा आणि लिहा' असे सांगितले, तेव्हा ही नीटनेटकी, आज्ञाधारक मुले कोरी पाने देऊ लागली. चौथीच्या सुमारास ती मागे पडत. येथेही शेरा मुलाच्या बुद्धीवर आला, आणि कारण मात्र घराच्या सचोटीत होते.

मुलाच्या मौनाचा दुसरा दाखला ओरेगॉन राज्यातला. तेथे वॉर्म स्प्रिंग्ज नावाची अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची वसाहत आहे. सुझन फिलिप्स यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तेथील वर्गांचे निरीक्षण केले. शिक्षकाने सर्व वर्गासमोर एकेकाला उठवून विचारले की ही मुले बोलत नसत. तीच मुले आपापसांत गट करून काम करताना मोकळेपणे बोलत, आणि शिक्षक जवळ आला की त्याला एकट्याने प्रश्नही विचारीत. घरी त्यांची शिकण्याची रीत अशी, की मोठ्यांचे काम आधी पुष्कळ पाहायचे, मग हाताखाली थोडे करायचे, मग कोणी पाहत नसताना स्वतः करून बघायचे, आणि जमले म्हणजे दाखवायचे. शाळेची रीत याच्या उलट: चाळीस डोळ्यांसमोर चुकायचे आणि चुकत चुकत शिकायचे. शिवाय त्या समाजाच्या सभेत कोणी कोणाला 'आता तू बोल' म्हणून उभे करीत नाही. ज्याला बोलायचे तो आपणहून बोलतो. असे संस्कार घेऊन आलेले मूल वर्गात गप्प बसले, तर त्याला लाजरे किंवा निरुत्साही म्हणावयाचे काय?

मौन नेहमी समाजाच्या रीतीतूनच येते असेही नाही. ते भीतीतूनही येते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हकीकत दिली आहे. मुलाखत घेणारा स्वतः कृष्णवर्णीय आणि त्या वस्तीचा माहीतगार होता, तरी मुलगा हो-नाहीपलीकडे बोलेना. पुढच्या वेळी त्याने बटाट्याच्या काचऱ्यांची पुडी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बैठक मारली, आणि मुले एरवी मोठ्यांसमोर उच्चारीत नाहीत असे शब्द स्वतःच उच्चारले. झाले, दोघे पोरगे एकमेकांना बोलू देईनात. लॅबोव्ह यांचे म्हणणे असे, की पहिल्या मुलाखतीत मुलाची भाषा मोजली गेलीच नव्हती. मोठ्या माणसापुढे सापडलेल्या मुलाचा बचाव तेवढा मोजला गेला होता. चौकशीच्या खोलीत साहेबापुढे उभा असलेला कामगार 'होय', 'नाही' याखेरीज काही का बोलत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही.

आता अधिक बोलणाऱ्या मुलांकडे वळू. हवाई बेटांत तेथील मूळ समाजाच्या मुलांसाठी १९७० नंतरच्या दशकात कामेहामेहा संस्थेने एक प्रयोगशाळा चालवली. या मुलांच्या घरी गोष्ट एकटा माणूस सांगत नाही. एकाने आरंभ करायचा, दुसऱ्याने मध्येच भर घालायची, तिसऱ्याने दुरुस्ती करायची, अशी सर्वांनी मिळून गोष्ट विणायची. वर्गात हेच चालले की त्याला गोंगाट म्हणत, मध्येच तोंड घालणे म्हणत. कॅथरिन आउ यांनी १९८० साली दाखवून दिले, की वाचनाच्या तासाला लहान गट करून मुलांना अशीच मिळून बोलण्याची मुभा देणाऱ्या शिक्षिकेच्या हाताखाली मुले धड्याविषयी नेमके आणि पुष्कळ बोलत. या पद्धतीने तेथील मुलांचे वाचन सुधारले. मुलांचे वळण तेच राहिले. बाईंनी तासाची मांडणी तेवढी बदलली.

हीच पद्धत पुढे अ‍ॅरिझोना राज्यात रफ रॉक येथे नावाहो समाजाच्या मुलांवर लावून पाहिली, तेव्हा ती जशीच्या तशी लागू पडेना. ही मुले म्हणू लागली की आधी गोष्ट पुरी वाचून होऊ द्या, तुकडे पाडून चर्चा कसली? मोठा मिश्र गट त्यांना रुचेना; दोघा-तिघा मुलांचे किंवा दोघी-तिघी मुलींचे निराळे गट चांगले चालले. तेव्हा 'आदिवासी मुलांना अमुक पद्धत लागते' असा काही एक ठोकळा कोणाच्या हाती आलेला नाही. मुलांकडे पाहत राहावे लागते.

फरक मुलांत असतो तितकाच पाहणाऱ्यांतही असतो, याचा एक चमत्कारिक पुरावा आहे. जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिका या तीन देशांतील बालवाड्यांची चित्रफीत करून ती तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवली. त्यावरचे पुस्तक १९८९ साली निघाले. क्योटो शहरातल्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा सतत दंगा करतो, दुसऱ्याच्या हातावर पाय देतो, आणि बाई मध्ये पडत नाहीत. भांडण मुलांनीच मिटवावे असे त्या सुचवतात. पुष्कळ अमेरिकन प्रेक्षकांना वाटले की मुलगा फार हुशार आहे, कंटाळल्यामुळे दंगा करतो, आणि बाई दुर्लक्ष करीत आहेत. जपानी शिक्षकांना हे पटेना. शहाणपण म्हणजे दुसऱ्याचे मन ओळखून वागणे. ज्याला ते जमत नाही त्याला हुशार कसे म्हणावे, असे त्यांचे मत. आणि बाईंचे थांबणे हे दुर्लक्ष नव्हे, मुलांना एकमेकांत राहायला शिकवण्याची ती रीत आहे. एकाच खोडीवरून एका देशाने मुलाला बुद्धिमान ठरवले, दुसऱ्याने अपक्व.

येथवर सारे गमतीचे वाटेल. परंतु ज्याच्या हाती शेरा आहे त्याच्या हाती मुलाची वाटही असते, आणि तेथे गंमत संपते. लंडनमध्ये १९७१ साली बर्नार्ड कोअर्ड या ग्रेनाडाहून आलेल्या शिक्षकाने एक लहानशी पुस्तिका लिहिली. वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या कुटुंबांची मुले ब्रिटिश शाळा 'शिक्षणदृष्ट्या कमी प्रतीची' ठरवून निराळ्या शाळांत कशी टाकीत, हे त्यात दाखवले होते. बोलीतला फरक, चाचण्यांतला एकांगीपणा, शिक्षकांची आधीच बांधलेली मते, अपरिचित वर्गात मुलाने धरलेले मौन किंवा केलेला हट्ट, हे सर्व 'बुद्धी कमी' या एका सदरात जमा होई. ही पुस्तिका आईबापांच्या संघटनांनी हातोहात पोचवली, सभा घेतल्या, आणि मुलांसाठी शनिवारच्या शाळा वाढवल्या. पुढे १९८१ च्या शिक्षण कायद्याने ते वर्गीकरणच काढून टाकले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मंदबुद्धींच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते आणि शाळांतील एकूण मुलांत मात्र ती सुमारे १० टक्के होती. पालक न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायालयाने ज्या बुद्धिमापन चाचण्यांच्या आधाराने मुलांना त्या वर्गांत पाठवीत, त्या कृष्णवर्णीय मुलांसाठी वापरण्यास मनाई केली. तरीही प्रश्न मिटला नाही. तेथील सरकारने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे, २०११-१२ या वर्षी सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती, पण एकाहून अधिक वेळा शाळेतून तात्पुरती काढलेल्या मुलांत ती ४८ टक्के होती. ही मुले बालवाडीतली, हे ध्यानात घ्यावे. २०१६ साली येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम व सहकाऱ्यांनी बालवाडी शिक्षकांना एक चित्रफीत दाखवली आणि त्रासदायक वर्तन दिसते का पाहा, असे सांगितले. चित्रफितीत तसे वर्तन मुळी नव्हतेच. शिक्षकांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपले. ती कृष्णवर्णीय मुलांवर, विशेषतः मुलग्यांवर, अधिक वेळ खिळत होती. जेथे दोष शोधायला डोळे आधीच लागलेले असतात, तेथे तो सापडतोही लवकर.

आता आपल्या घराकडे. आपल्याकडे रंगाची जागा जात, भाषा आणि राहणी यांनी घेतली आहे. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो त्यांत तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पुष्कळ आहेत. तेलुगूत वस्तूंना मराठीसारखे स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. त्या घरातले मूल वर्गात 'गाडी आला' म्हणते. वर्ग हसतो, कधी बाईही हसतात. दोन-तीनदा असे झाले की मूल तोंड मिटते, आणि वर्षाअखेरीस शेरा येतो, 'वर्गात सहभाग नाही'. आदिवासी पाड्यांवर पुष्कळ ठिकाणी वडीलधाऱ्यालाही एकेरीच हाक मारतात, आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. आपणही आईला 'तू'च म्हणतो की! पण त्याच मुलाने शहरी गुरुजींना 'तू कुठे चाललास?' असे विचारले की ते उद्धट ठरते. प्रेमाची हाक होती, ती अपमान म्हणून पोचली.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसे झालीच नाहीत असे नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, यावर 'त्यांना शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारून मोकळे होता आले असते. त्यांनी मुले कोठे असतात ते पाहिले. लहान मुले अंगणात होती, म्हणून पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरली. मोठी मुले गुरांमागे कुरणात होती, म्हणून कुरणात कुरणशाळा भरली. मुलाच्या वागण्याचे कारण मुलाच्या दिवसात शोधावे, हा धडा या दोन बायांनी, परदेशातली पुस्तके निघण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच मातीत घालून दिला.

मुलाप्रमाणे पालकावरही असेच शेरे पडतात. शाळेची पालकसभा बहुधा कामाच्या दिवशी, सकाळी अकराला असते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी नगावर. त्या दिवशीच्या विड्या वळून कारखान्यात वेळेत पोचल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे गेले. ती सभेला येत नाही. शाळेत बोलले जाते, 'या पालकांना मुलांची फिकीरच नाही'. आणि तीच बाई संध्याकाळी तेंदूची पाने कात्रत मुलाला शेजारी बसवून पाढे म्हणवून घेत असते, स्वतःला एकही येत नसताना. कारखान्यात तपासणारा तिच्या विड्या बाजूला काढतो आणि का काढल्या ते सांगत नाही. शाळेत तिचे मूल बाजूला काढतात, तेही तसेच. दोन्हीकडे ती निमूटपणे घरी जाते.

श्रोतेहो, येथे तीन इशारे देणे आम्हाला आवश्यक वाटते, नाही तर या विवेचनाचा विपर्यास होईल.

पहिला इशारा असा, की 'संस्कृती' हा नवा शिक्का होता कामा नये. 'त्यांची मुले गप्पच असतात, त्यांची रीतच तशी' असे म्हणून शिक्षकाने विचारणेच सोडले, तर जुन्या अन्यायाला नवे नाव मिळेल. शिवाय प्रत्येक गोष्टीचे कारण रीतीत नसते. उपाशी आलेले मूल चंचलच दिसणार. ज्याला फळा दिसत नाही ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार. ज्याला एका कानाने कमी ऐकू येते ते हाकेला ओ देणार नाही. तेथे चष्मा लागेल, डॉक्टर लागेल, जेवण लागेल.

दुसरा इशारा घरांना. घरचे वळण आहे म्हणून ते सारेच जतन करण्याजोगे आहे असे नव्हे. मुलीने चारचौघांत बोलू नये, खालच्या मानलेल्याने मान वर करू नये, हीही वळणेच होती आणि आहेत. ती मोडणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. मुलाला शाळेची, कचेरीची, न्यायालयाची भाषा आणि रीत आलीच पाहिजे. त्यावाचून आमच्या मुलांचा निभाव लागणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ती रीत उघडपणे शिकवा. न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेऊ नका, आणि ती शिकवताना घरच्या रीतीची लाज वाटायला लावू नका.

तिसरा इशारा आमच्याच मंडळींना. शिक्षक हा शत्रू नव्हे. तोही पगारावर राबणारा माणूस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले, आणि मुलाला मारहाण व मानसिक छळ करण्यास बंदी केली. पण कोंदलेल्या खोलीत, वर कागद भरण्याचे काम डोक्यावर असलेल्या शिक्षिकेला एकेका मुलाकडे पाहायला सवड कोठून मिळणार? हीथबाईंच्या पुस्तकातच याचा धडा आहे. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांनी मुलांनाच संशोधक केले. विज्ञानाच्या वर्गातली मुले गावच्या शेतकऱ्यांना शेतीच्या रीती विचारून येत, टिपून आणत, आणि पुस्तकातल्या माहितीशी ताडून पाहत. मंद म्हणून गणलेली मुले त्यात रंगून गेली आणि परीक्षेतही उतरली. पण काही वर्षांत वरून चाचण्यांचे आणि ठरीव कार्यक्रमांचे ओझे आले, शिक्षकांच्या हातचे स्वातंत्र्य गेले, आणि त्या पद्धती जवळजवळ नाहीशा झाल्या, असे हीथबाईंनीच पुस्तकाच्या अखेरीस नमूद केले आहे. तेव्हा मुलाला न्याय मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी शिक्षकाला सवड आणि अधिकार मिळावा म्हणूनही भांडले पाहिजे.

मग करावे काय? मोठ्या योजना सरकारने कराव्यात. आपल्या हातातल्या गोष्टी आम्ही सांगतो. शिक्षकांना विनंती अशी, की शेरा लिहिण्याआधी घटना लिहून पाहावी. 'उद्धट आहे' असे न लिहिता 'विचारल्यावर उत्तर दिले नाही व मान फिरवली' असे लिहिले, की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: का फिरवली? मूल सर्वांसमोर बोलत नसेल तर दोघांत बोलते का, जवळ गेल्यावर बोलते का, खेळताना बोलते का, हे पाहावे. आज्ञा द्यायची ती सरळ शब्दांत द्यावी. आणि वर्षारंभी वर्गाच्या बोलण्याचालण्याचे नियम मुलांना स्पष्ट सांगावेत, करून दाखवावेत. ते सर्वांना ठाऊक आहेत असे धरून चालू नये.

पालकांना सांगणे असे, की शेरा वाचून घरी येऊन मुलाला मारू नका. शाळेत जा आणि अदबीने विचारा, 'गुरुजी, त्याने केले काय ते सांगा.' कसा आहे हे नको, केले काय ते विचारा. आपल्या घरी तो कसा बोलतो, काय काम करतो, कोणाची काळजी घेतो, हेही गुरुजींना सांगा. ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चौघी मिळून जा. कामगार एकेकटा साहेबाच्या खोलीत गेला तेव्हा काय झाले आणि चौघे मिळून गेले तेव्हा काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे आमची एक लहानशी मागणी आहे, तिला पैसा लागत नाही. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला न ठेवता विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर संध्याकाळी, किंवा सुटीच्या दिवशी ठेवावी, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू समजणारे एखादे माणूस तेथे असावे. पालकांना घेऊन येण्याचे काम युनियन करील. सतरंज्या आम्ही आणू.